मराठवाड्यातल्या स्थापत्य विभागप्रमुखांना खुलं पत्र : यंदाचा सर्व्हे कॅम्प नळदुर्गला न्या

मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे आणि तंत्रनिकेतनांचे स्थापत्य विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी आपली मुलं सर्व्हे कॅम्पला जातात. कॉलेजच्या बसमधून एखाद्या तलावाच्या काठी नाहीतर गावाबाहेरच्या माळावर उतरतात. टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावतात, न होणाऱ्या रस्त्याची आखणी करतात, सारख्या उंचीच्या समोच्च रेषा काढतात, शीटं रंगवतात. तोंडी परीक्षा झाली की ती शीटं कपाटावर जातात आणि पुढच्या वर्षीची मुलं त्याच माळावर पुन्हा तेच मोजतात. माझं आपल्याकडे एकच मागणं आहे. यंदापासून हा कॅम्प मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या बांधकामावर घ्या. मुलांना त्याची खरी मापं घेऊ द्या, त्याचा आराखडा, लांबछेद, काटछेद (लांबीत आणि आडवं कापल्यावर दिसेल तसं चित्र) काढू द्या, आणि ते कागद कॉलेजात जपून ठेवून कोणालाही पाहता येतील असे करा.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सुरुवात डंपी लेव्हलने केली, शेवट टोटल स्टेशनने. आमच्या खात्यात काम कितीही चांगलं झालेलं असो, एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, माप चढल्याशिवाय ते कोणी धरत नाही. मराठवाड्यात शेकडो वर्षांची कामं उभी आहेत आणि त्यातल्या फार थोड्यांची मापं कुठल्या वहीत चढली आहेत. हे मला नोकरीत असतानाही सलत होतं, आता जास्त सलतं, कारण ती कामं डोळ्यांदेखत ढासळत चालली आहेत.

मराठवाड्याचा विषय निघाला की दोन शब्द आधी येतात, दुष्काळ आणि अनुशेष. १९८४ सालच्या दांडेकर समितीच्या अहवालापासून आपण इथे काय नाही ते मोजत आलो. सिंचन किती कमी, रस्ते किती कमी, वीज किती कमी. ते मोजायलाच हवं होतं, त्या आकड्यांवर भांडूनच निधी मिळाला. पण त्या भांडणात दोन पिढ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की दगड रचणं, पाणी खेळवणं, यंत्र चालवणं ही विद्या आपल्याकडे बाहेरून आली. आपल्या वर्गात पैठणचा, परंड्याचा, कंधारचा मुलगा बसलेला असतो. धरणांचा इतिहास शिकताना त्याच्या वहीत परदेशातली नावं येतात आणि त्याच्याच मराठवाड्यातलं नळदुर्ग येत नाही.

म्हणून नळदुर्गपासूनच सुरू करतो.

तुळजापूर तालुक्यातल्या या किल्ल्याला बोरी नदी वळसा घालून जाते. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा उपदुर्ग यांच्या मधून वाहणारी ही नदी दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, दगडी बंधारा घालून अडवली. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. वरून जिन्याने उतरत उतरत बंधाऱ्याच्या आत जायचं, महालाच्या खिडकीपाशी उभं राहायचं, आणि नदी आपल्या डोक्यावरून पुढे समोर कोसळताना पाहायची. नर आणि मादी अशी दोन्ही धारांची नावं जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. वरच्या अंगाला असलेलं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं की धबधबे सुरू झाल्याची बातमी येते, गर्दी लोटते, फोटो निघतात. पाणी आटलं की गर्दीही आटते.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो पाणी नसताना, आणि स्थापत्याच्या माणसाने जावं तेव्हाच. धारा बंद असल्या की बंधाऱ्याचा खालचा चेहरा मोकळा दिसतो. हाताने चाचपता येतो. दगडाचे थर कसे बसवलेत, सांधे किती बारीक आहेत, चुना कुठे टिकलाय आणि कुठे धुऊन गेलाय, पाणी पडून पडून कोणत्या दगडाची कड गोल झालीय, ते सगळं कळतं. महालाच्या कमानीखाली उभं राहिलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हाच, की बंधाऱ्याला पोकळ करून खोली काढायची हिंमत त्या बांधणाऱ्याला कशावरून झाली? आपण आजच्या दगडी आणि काँक्रीटच्या धरणांत पाहणीसाठी गॅलरी ठेवतो. ती कुठे ठेवायची, तिच्याभोवतीचा ताण कसा वाटला जातो, याचं गणित मुलांना शिकवतो. दगडी धरणाच्या छेदाचं शास्त्रशुद्ध गणित फ्रान्समध्ये साझिली या अभियंत्याने मांडलं ते १८५३ साली, आणि स्कॉटिश अभियंता रँकिनने त्यात भर घातली ती १८७२ साली. नळदुर्गचा बंधारा त्याच्या अडीचशे वर्षं आधीचा, आणि बोरीचे चारशे पावसाळे अंगावर घेऊन तो उभा आहे.

आता विचार करा, तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी तिथे जाऊन माथ्याची रुंदी, पायथ्याची रुंदी, उंची, महालाच्या खोलीची जागा, धारांच्या तोंडांची मापं घेतली, छेद काढला आणि वर्गात येऊन त्यावर पाण्याचा दाब, उत्थापन (पाण्याचा खालून उचलणारा जोर) आणि बंधाऱ्याचं स्वतःचं वजन मांडलं. या सगळ्यांचं परिणामी बल पायाच्या मधल्या तृतीयांशात येतं का, म्हणजे दगडकामावर कुठे ओढ पडत नाही ना? आलं नाही तर बंधारा कशाच्या जोरावर उभा आहे? दोन्ही कडांच्या खडकाचा त्यात वाटा किती? पाठ्यपुस्तकातल्या त्रिकोणी धरणाचं उदाहरण मुलगा परीक्षेपुरतं सोडवतो. स्वतः टेप धरून मोजलेल्या बंधाऱ्याचं उत्तर चुकलं तर त्याला रात्री झोप येणार नाही. मला असा विद्यार्थी घडलेला पाहायचा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या नहरींबद्दलही हेच. मलिक अंबर हा हबशी वजीर. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याने १६१० मध्ये खडकी गाव, म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर, राजधानी म्हणून वसवलं. गाव वसवायला जागा चांगली होती, पाणी मात्र जेमतेम. उत्तरेकडच्या डोंगरउतारात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून गावात आणायचं, असा त्याने घाट घातला. तीच नहर-ए-अंबरी. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या. थत्ते नहर झाली, पाणचक्कीची नहर झाली. जमिनीखालून खापरी नळ आणि बांधीव मोऱ्या, मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवेची उघडी तोंडं, आणि गावात ठिकठिकाणी उंच दगडी मनोरे.

त्या मनोऱ्यांपाशी थोडं थांबतो, कारण खरी करामत तिथे आहे. रस्त्याने जाणाऱ्याला तो एक पडका खांब दिसतो. आत नळ असतो. वरच्या पातळीवरून आलेलं पाणी स्वतःच्याच दाबाने त्यातून वर चढतं, माथ्यावरच्या लहानशा टाकीत मोकळं होतं, आणि दुसऱ्या बाजूने पुढच्या वस्तीकडे उतरतं. माथा उघडा असल्याने नळात अडकलेली हवा निघून जाते, दाब तिथेच मोडतो आणि खालचे खापरी नळ फुटत नाहीत. शिवाय पाणी वाटायची जागा आयती मिळते. आपण द्रायुयांत्रिकीच्या (फ्लुइड मेकॅनिक्सच्या) तासाला फळ्यावर जलीय ढाळाची, म्हणजे नळातलं पाणी कुठे किती उंच चढेल ते दाखवणारी, रेघ काढतो ना, ती रेघ या शहरात दगडात उभी आहे. एकेका मनोऱ्याच्या माथ्याची लेव्हल घ्या, सगळ्या लेव्हली एका लांबछेदावर मांडा, आणि ती रेघ कागदावर उमटेल. हे काम करायला दोन ऑटो लेव्हल यंत्रं, चार स्टाफ (उभ्या मापपट्ट्या) आणि पहाटेची रिकाम्या रस्त्यांची वेळ एवढंच लागतं. दर पावसाळ्यात एखादा मनोरा खचतो, रस्ता रुंद करताना एखादा आड येतो. तो पडला की लांबछेदातला तो बिंदू कायमचा गेला. आज हेच शहर जायकवाडीहून पंपाने पाणी चढवून आणतं, आणि वीज गेली की नळ कोरडे पडतात. मी नहरी पुन्हा सुरू करून शहराची तहान भागवा असं म्हणत नाही, लोकसंख्या कुठल्या कुठे गेली आहे. पण विजेशिवाय एवढं मोठं शहर पाण्यावर ठेवणारी रचना कशी होती, हे त्या शहरात पदवी घेणाऱ्या अभियंत्याला मापासकट माहीत असायला नको का? १९६० पासून तिथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्या आवारापासून पाणचक्की लांब नाही.

पाणचक्कीत तर यंत्रविभागालाही काम आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ती उभी राहिली. लांबच्या झऱ्याचं पाणी नळाने आणून उंच भिंतीवर चढवलं, तिथून ते खाली येताना आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाक फिरतं आणि वरचं जातं फिरतं. फकिरांचं आणि यात्रेकरूंचं पीठ त्यावर निघत होतं. पडीची उंची मोजा, पाण्याचा विसर्ग मोजा, चाकाचा व्यास मोजा, आणि किती शक्ती मिळत असेल ते काढा. एका दुपारचं काम आहे.

बीडची खजाना विहीर याहून जुनी, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. निजामशाहीतला सरदार सलाबत खान याच्या सांगण्यावरून राजा भास्कर याने ती बांधली. आमच्या भागात विहीर म्हटली की मोट आली, मोट आली की बैल आले, नाडा-सोंदूर आले, धावेवरचं दिवसभराचं मागेपुढे आलं. खजाना विहिरीतून पाणी शेतात जायला यातलं काहीच लागलं नाही. बिंदुसरा नदीच्या अंगाने भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येतं आणि वेगळ्या भुयाराने पुढे जाऊन बागायती शिवारात आपोआप उघड्यावर पडतं. सगळा खेळ लेव्हलचा. नदीपात्राखालची पातळी, विहिरीतली पातळी आणि शिवारातली पातळी यांच्यात इतकाच फरक हवा की पाणी थांबणार नाही आणि भुयार खरवडणारही नाही. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी हा ढाळ ज्याने काढला त्याच्याकडे कोणतं उपकरण होतं? पाणसळ होती, ओळंबा होता, आणि बाकी सगळी नजर होती. बीडमधल्या एखाद्या तंत्रनिकेतनाने जीटीएस बेंचमार्कपासून, म्हणजे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पक्क्या उंचीच्या खुणेपासून, लेव्हल आणून या तीन पातळ्या आणि त्यांतला ढाळ एकदा पक्का केला, तर जलविज्ञानाच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मुलांना जास्त कळेल.

बारवांबद्दल, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींबद्दल, गेल्या काही वर्षांत लोक जागे झाले आहेत, याचं मला मनापासून समाधान आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार बारव गाळ-कचरा उपसून मोकळी केली. गोल फिरत उतरणाऱ्या तिच्या पायऱ्यांचं चित्र पाहून लांबून माणसं येऊ लागली. चारठाण्यालाही मंदिरांबरोबर बारव आहे. श्रमदान करणाऱ्या या मंडळींना माझा दंडवत. पण श्रमदानापाठोपाठ जे होतं त्याची मला धास्ती आहे, आणि तिथे आपली गरज आहे. माझ्या ओळखीच्या एका गावात बारव साफ झाली, गावकीला उत्साह आला, कुठून तरी निधी मिळाला आणि ठेकेदाराने आतून सिमेंटचा गिलावा मारला. वर निळा रंग. पहिल्या पावसाळ्यात भिंतीमागचं पाणी बाहेर यायला वाटच राहिली नाही. जुन्या भिंतीत दगडांच्या सांध्यांतून ते झिरपत होतं, विहीर भरायची तीच तर वाट होती. गिलाव्यामागे दाब साठला, पोपडे सुटले आणि दोन पायऱ्या पुढे सरकल्या. गिलावा काढायला गेले तर दगडाचा पृष्ठभागही सोबत निघाला. तिथे मोटेचं पाणी ओतलं जायचं त्या थारोळ्याच्या दगडावर नाड्याने पडलेल्या खोल खाचा होत्या. कित्येक पिढ्यांच्या मोटांनी त्या पाडल्या होत्या. त्या सिमेंटने भरून सपाट केल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांच्याकडे मूळ बारवेचा एकही काटछेद नव्हता आणि चुन्यात काम कसं करायचं हे सांगणारा एकही माणूस नव्हता.

चुना हा विषय आपल्या अभ्यासक्रमातून जवळजवळ गेलाच आहे. मला तो पुन्हा प्रयोगशाळेत हवा आहे. घाणीच्या दगडी चाकाखाली मळलेला चुना सावकाश धरतो, भेगा पडल्या तरी थोडं वाकून घेतो, ओल बाहेर जाऊ देतो. काळ्या पाषाणाच्या आणि मांजऱ्या दगडाच्या बांधकामाला तोच मानवतो. आपल्या साहित्य प्रयोगशाळेत सिमेंटचे घनच फुटत असतात, त्यात चुन्याचेही फुटू द्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात पाण्यावर तरंगणाऱ्या विटा ठेवल्या आहेत. तिथल्या प्राचीन विटांमध्ये अशा हलक्या विटा सापडतात, कारण भाजताना आतला कोंडा-भुसा जळून त्यांच्यात पोकळ्या राहिल्या. आज आपण हलक्या ठोकळ्यांच्या जाहिराती पाहतो. तेरणेकाठच्या कुंभाराला जे जमलं होतं ते लातूरच्या किंवा धाराशिवच्या मुलांनी भट्टी लावून करून पाहायला काय हरकत आहे?

वेरूळचं कैलास मी मुद्दाम बाजूला ठेवतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं ते लेणं साऱ्या जगाने पाहिलं आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा कामांची काळजी आहे. कंधारचा जगत्तुंग सागर पाहा. राष्ट्रकूटांच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव अजून पाणी धरतो.

आणि फक्त पाच-दहा शतकं जुनंच मोजा असंही नाही. बार्शी लाईट रेल्वेचंच घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही गाडी आखली. १८९७ मध्ये ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावली. मग पंढरपूरला गेली, आणि १९११ मध्ये निजामाच्या हद्दीत शिरून लातूरला पोचली. पुढे १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला भिडलं. कॅल्थ्रॉपचं म्हणणं साधं होतं. रूळ हलका असला तर गाडी लहान करायची गरज नाही, वजन जास्त चाकांवर वाटा. प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नाही, हा नियम इंजिनापासून वाघिणीपर्यंत (मालडब्यापर्यंत) सगळ्याला एकसारखा लावला, म्हणून इतक्या अरुंद रुळांवर लांबलचक, बोगीवरचे डबे पळाले. लहान रेल्वे बांधणाऱ्यांनी नंतर इंग्लंडातही ही पद्धत उचलली. लातूरची बाजारपेठ वाढली त्यात या गाडीचा हात मोठा आहे. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्यातून पंढरीला गेल्या.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी घेऊन जी जलदूत गाडी आली, ती मिरजेहून आली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शहराला प्यायला पाणी नव्हतं. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आलं, पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर येऊ लागलं. साऱ्या देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. ती ज्या वाटेने आली ती बहुतांश बार्शी लाईटची वाट. रूळ रुंद झाले होते, काही ठिकाणी मार्ग बदलला होता, पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही रेघ कॅल्थ्रॉपच्या काळातलीच. लातूरच्या घशात पाणी पडलं ते शंभर वर्षांपूर्वीच्या त्या आखणीवरून, हे लातूरच्या किती स्थापत्य विद्यार्थ्यांना कोणी सांगितलं असेल? धाराशिव गाठण्यासाठी मार्ग वळवला तेव्हा येडशीच्या पुढचा जुना भाग सुटला. तिथले भराव आणि दगडी मोऱ्या जिथे जिथे उरल्या असतील तिथे त्या नांगराखाली जायच्या आधी मोजून घ्या. मोरीची गाळ्याची रुंदी मोजली की त्या काळच्या अभियंत्याने नाल्याचा पूर किती धरला होता ते उलट काढता येतं, आणि आजच्या पुराशी ताडून पाहता येतं.

हे सगळं आपल्या वर्गात का पोचलं नाही, याचं एक कारण कागदांत आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठात अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवत. मग १९५६ मध्ये आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. दोनदा राज्य बदललं, दफ्तर बदललं, भाषा बदलली. जायकवाडीचंच उदाहरण आहे. गोदावरीवर धरण बांधायची ती योजना हैदराबाद संस्थानच्या काळातली, आणि जागा होती बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ. पुढे धरणाची जागा कितीतरी वर, पैठणला सरकली, नाव मात्र पहिल्या गावाचं राहिलं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण केलं. १० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे, २९०९ दशलक्ष घनमीटर पाणी, २०८ किलोमीटरचा डावा कालवा. ही माहिती सगळीकडे मिळते. पण जागा का हलली, कोणते पर्याय तपासले, पैठणच्या पात्रात खोदल्यावर काय लागलं, काळी माती कालव्याच्या भरावात फुगली तेव्हा साइटवरच्या लोकांनी काय उपाय केले, हे ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून जात आहेत. त्यांच्या माळ्यावर ट्रेसिंग क्लॉथच्या गुंडाळ्या आहेत, खिशातल्या डायऱ्या आहेत. घर बदललं की त्या रद्दीत जातात. पूर्णा प्रकल्पावर काम केलेला, विष्णुपुरीचे पंप बसवलेला, पाझर तलावांच्या मस्टरवर १९७२ च्या दुष्काळात दिवसरात्र उभा राहिलेला माणूस आपल्या गावात असेल तर मुलांना त्याच्याकडे पाठवा. फोनवर आवाज टिपायला आता खर्च नाही. आणि कॉलेजात उर्दू वाचता येणारा एखादा विद्यार्थी असतोच, त्याला हैदराबादच्या दफ्तरखान्यात पाठवायचा प्रवासखर्च विभागाने उचलावा.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र माझं मुळीच म्हणणं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरू शकत नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली आणि हजारो माणसं आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली. त्या भिंती जुन्या पद्धतीच्याच होत्या. दोन बाजूंना दगड, मध्ये चिखल आणि खडी, भिंतीच्या आरपार जाणारा सांधणारा दगड नाही, आणि वर माळवदाच्या मातीचं दरवर्षी वाढत गेलेलं ओझं. धक्का बसला तशा दोन्ही बाजू दोन्हीकडे फाकल्या. त्याच गावांत, जिथे खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा नीट सांधलेला होता, तिथे भिंत ढासळूनही माळवद सांगाड्यावर उभं राहिलेलंही दिसलं. एकाच गल्लीत दोन घरं, एक मारणारं आणि एक वाचवणारं. दोन्ही जुनीच. त्यांच्यातला फरक सांध्यांत होता, आणि सांधा मोजल्याशिवाय, उलगडल्याशिवाय कळत नाही. भूकंपानंतर नवी गावं वसली, माळवदं कमी होत गेली. पण मराठवाड्यात अजून माळवदाची घरं आहेत आणि त्यात माणसं राहतात. त्यांचेही छेद हवेत, आणि हे काम बाकी सगळ्याच्या आधी केलंत तरी माझी तक्रार नाही.

अडचणी मला कळतात. संरक्षित स्मारकावर मोजणी करायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज दिवाळीआधी जायला हवा. ड्रोन उडवायचा तर आणखी परवानग्या. पण टेप, लेव्हल आणि कागदावर बरंच होतं, आणि वालूरसारख्या ठिकाणी ग्रामपंचायतच आनंदाने हो म्हणेल. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं हेही खरं, पण सर्व्हे कॅम्पची जागा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय आपल्या हातात असतो. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नहरीच्या किंवा विहिरीच्या बंद भुयारात मुलांना उतरवू नका. आत हवा कोंडलेली असते, माती सुटलेली असते. तोंडांची मापं आणि उच्छ्वासांच्या लेव्हली बाहेरून घ्या, तेवढ्याने लांबछेद पुरा होतो.

शीटांच्या तीन प्रती करा. एक विभागात, एक जिथे काम आहे तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आणि एक स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली. प्रत्येक शीटवर मोजणाऱ्या मुलांची नावं, तारीख आणि वापरलेला बेंचमार्क लिहा. दहा वर्षांनी दुसरी मुलं त्याच बिंदूंवर पुन्हा स्टाफ ठेवतील, आणि मनोरा किती झुकला, बंधाऱ्याचा दगड किती सरकला ते मिलिमीटरमध्ये सांगतील. दुरुस्तीला निधी आला तर ठेकेदाराच्या हाती आधी ही शीट पडेल.

नळदुर्गसाठी मार्च-एप्रिल योग्य. धारा बंद असतात, पात्र उतरलेलं असतं, पायथ्याची मापं तेव्हाच मिळतात. ऊन फार चढायच्या आत, सकाळी ६ ते १० काम करायचं आणि दुपारी सावलीत बसून लेव्हल बुकाची बेरीज-वजाबाकी जुळवायची. माझे गुडघे आता फार चढ-उतार करू देत नाहीत, पण स्टाफ सरळ धरून उभं राहणं आणि मुलांचं फील्ड बुक तपासणं अजून जमतं. आपल्यापैकी ज्या कॉलेजाचा कॅम्प पहिला ठरेल त्यांनी कळवावं. तुळजापूरपर्यंत मी एसटीने येतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
अंबाजोगाई